गज उसळेपर्यंत आपटल्याने नेम सुधारत नाही

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या रायफलीबद्दल एक सल्ला सध्या हातोहाती फिरतो आहे. थोडक्यात तो असा : दारू जितकी जास्त, तितका नेम सरळ. गोळी बसली की गज, म्हणजे गोळी आत ढकलायची काठी, उसळून वर येईपर्यंत आपटायचा. गोळीभोवती गुंडाळायची चिंधी कुठलीही चालते. आणि दोन बारांमध्ये नळी पुसणे म्हणजे वेळ घालवणे. यातली एकही गोष्ट खरी नाही, आणि नवशिके हे वाचून तसेच करतात याची मला खरोखर काळजी वाटते.

गज आपटण्याचा समज सगळ्यांत चिवट, म्हणून आधी तोच घेतो. गोळी दारूवर पक्की टेकलेली हवी, हे बरोबरच आहे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटूही शकते. पण गोळी टेकली की नाही हे कळायला आपटावे लागत नाही. रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडापाशी त्यावर एक खूण करायची. मग ठरलेली दारू आणि गोळी भरून दुसरी खूण. दुसरी खूण तोंडाशी आली की गोळी जागेवर आहे. हाताचा दाब दर वेळी सारखा ठेवायचा, बस.

आपटल्याने काय होते? काळी दारू किती झपाट्याने जळेल हे तिच्या दाण्याच्या आकारावर ठरते. गज आपटून दाणे चुरडले, तेही दर वेळी कमीजास्त, की प्रत्येक बाराचा वेग वेगळा. शिवाय शिसे मऊ असते. अशी आपटलेली एक गोळी मी बार न काढता, गॅसच्या दाबाने नळीबाहेर काढून पाहिली होती. तिच्या तोंडावर गजाच्या टोकाचा गोल ठसा उमटला होता, आणि तो मधोमध नव्हता, एका अंगाला सरकलेला होता. अशा गोळीचा तोल ढळलेला असतो. आट्यांमुळे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांमुळे, ती फिरते खरी, पण डुलत जाते. १८०० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात बेकर रायफल आली तेव्हा गोळी आत ठोकायला सुरुवातीला लाकडी हातोड्याही दिल्या होत्या. त्या पुढे बंद झाल्या.

आता चिंधी. माझ्या मते अर्धा नेम इथेच ठरतो. .५० बोअरची नळी १२.७ मिलिमीटरची, आणि तिच्यात साधारणपणे १२.४५ मिलिमीटरची गोल गोळी वापरतात. म्हणजे गोळी आट्यांना शिवतही नाही. आटे पकडते ती चिंधी, आणि चिंधी गोळीला फिरवते. त्यासाठी घट्ट विणीचे, साधारण ०.३८ मिलिमीटर जाडीचे सुती कापड हवे. कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळते. कापड बरोबर आहे का, हे विचारायला कोणाकडे जावे लागत नाही : रेंजवर नेमबाजी थांबल्याचा इशारा झाला की पुढे जाऊन उडालेली चिंधी उचला. मधोमध धुराचा काळसर गोल, भोवती आट्यांचे सारखे पट्टे आणि कडा शाबूत, म्हणजे सगळे ठीक. जळून भोके पडली असतील तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त आहे. आट्यांच्या रेषेत कापल्यासारखी फाटली असेल तर आट्यांच्या किंवा नळीच्या तोंडाच्या कडा धारदार आहेत.

जास्त दारूचे उत्तर छोटे आहे. एका मर्यादेनंतर वेग फारसा वाढत नाही. वाढतो तो धक्का आणि मळ. रायफल बनवणाऱ्याने सांगितलेल्या सर्वांत कमी मापापासून सुरू करा, पाच-पाच गोळ्या मारा, माप थोडे थोडे वाढवा आणि गोळ्या जिथे सर्वांत जवळ पडतील तिथे थांबा. सांगितलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. दारू बुधल्यातून थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची, कारण आत निखारा राहिला असेल तर बुधलाच पेटतो. आणि धूररहित दारू या रायफलीत कधीही नको, चिमूटभरही नको.

राहिले नळी पुसणे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून वायू होत नाही, घन मळ होऊन उरतो, आणि तो हवेतला ओलावा ओढतो. ओलसर चिंधी एकदा, मग कोरडी, एवढे पुरते. फार ओली फिरवली तर पुढची दारू भिजून बार फुसका जातो.

यावर एक प्रश्न हमखास येतो : मग जुने सैनिक न पुसता बारावर बार कसे काढत? त्यांची गोळी वेगळी होती. १८४९ ची मिनिए गोळी मुद्दाम नळीपेक्षा लहान, बुडाशी पोकळ. ती मळलेल्या नळीतही सहज उतरे, आणि बार झाला की बूड फुगून आटे पकडे. १८५३ च्या एनफील्ड रायफलीची गोळीही याच तत्त्वाची. तिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ मध्ये काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती चरबी असे काडतूस नळीतून सहज उतरावे आणि मळ मऊ राहावा म्हणून. चिंधीत घट्ट गुंडाळलेल्या गोल गोळीला ही सवलत नाही. न पुसता काही बार काढले की गोळी अर्ध्या वाटेत अडकते, गजावरची खूण तोंडापासून वीतभर वर राहते, आणि तशीच बार काढणाऱ्याच्या नळीत गोळीखाली तीच पोकळी असते.