काका, ती बस कंपनीची होती

नमस्कार काका,

वय ६८ लिहिलंत म्हणून काका म्हणते, चालेल ना?

आमच्या आयटी कंपनीने घरून काम बंद करून आठवड्याचे पाचही दिवस हिंजवडीच्या ऑफिसला बोलावलं, त्यावर लिहिलेल्या ‘पुन्हा पाच दिवस हिंजवडी’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा माझे बाबाच बोलताहेत असं वाटलं. तिसऱ्यांदा त्यातलं एक वाक्य अडकलं, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश: काकांनी चिंचवडच्या कारखान्यात चौतीस वर्षं तीन पाळ्यांत काम केलं. पहाटे कोपऱ्यावर उभं राहून बस पकडली, एकदाही चुकवली नाही. आम्हाला एसीत जाऊन बसायचं तर रडू येतं, घरी बसून दुसऱ्या कंपनीची कामं करायची असतात, आमच्यामुळे फ्लॅटचे भाव चढले. शेवटी, “जमत नसेल तर सोड, हजार पोरं रांगेत उभी आहेत.”

आधी जे पटलं ते. कामावर जायचं म्हणजे काही छळ नव्हे, आणि माझ्या लेखाचा सूर रडका होता, कबूल. आमच्या गेटसमोरचा पोहेवाला २०२० मध्ये गावी गेला तो परत आलाच नाही. ऑफिसं बंद पडल्यावर त्याच्यासारख्यांचं काय झालं, हे लेख लिहिताना माझ्या डोक्यातही आलं नाही. सिक्युरिटीवाले दादा आणि हाउसकीपिंगच्या मावश्या यांना तर घरून काम कधीच नव्हतं. फ्लॅटच्या भावांचं म्हणाल तर मी धायरीत भाड्याने राहते, त्यामुळे तो आरोप माझ्या घरमालकांकडे पोचवते.

आता ते अडकलेलं वाक्य. “एकदाही बस चुकवली नाही.” काका, ती बस कंपनीची होती ना? पहाटे पुण्याच्या चौकाचौकांत थांबणाऱ्या त्या बस मी लहानपणी पाहिल्यात, बाबा त्यातल्याच एकीने जायचे. त्यांच्या पगारातून बसचे नाममात्र पैसे कापले जायचे, कॅन्टीनचं जेवण काही रुपयांत मिळायचं, महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर हलायचा. आणि दर तीन वर्षांनी युनियनचा करार. करार झाला की बाबा पेढे आणायचे, शेजारीपाजारी “किती सुटले?” विचारायचे. तुमच्याकडेही काही फार वेगळं नसणार.

माझ्याकडचा हिशोब सांगते. मी २०१२ साली ३ लाख १५ हजारांच्या पॅकेजवर लागले. यंदा माझ्या टीममध्ये परभणीचा एक मुलगा आला, पॅकेज साडेतीन लाख. आमचीच कंपनी कंजूष आहे असं नाही, मोठ्या आयटी कंपन्यांत साध्या फ्रेशरचा आकडा गेली कित्येक वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या घरातच घुटमळतोय. सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ साली १०० धरला होता, २०२४ च्या अखेरीस तो १९५ च्या आसपास होता. म्हणजे माझा तेव्हाचा पगार नुसता जागेवर ठेवायचा म्हटला तरी आज त्या मुलाला सहा लाखांच्या वर मिळायला हवेत.

त्याने परवा कॅन्टीनच्या टिश्यूपेपरवर मला मांडून दाखवलं. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स जाऊन हातात साधारण चोवीस हजार. वाकडला तिघांत एक खोली, त्याच्या वाट्याला नऊ हजार. मेस साडेतीन हजार. घरी पाच हजार. आणि कंपनीच्या बसचे दोन हजार आठशे, कापून. हो, कंपनीची बस आमच्याकडेही आहे, फक्त तिचे पूर्ण पैसे आम्ही भरतो. तो आधी परभणीत राहून काम करत होता, तेव्हा यातला खोलीचा, मेसचा आणि बसचा खर्च नव्हता. पाच दिवसांचा मेल आला आणि त्याचे पंधरा हजार गेले. पगाराच्या स्लिपवर मात्र एक रुपयाही कमी झालेला नाही. याला मी पगारकपात म्हटलं तर तुम्ही लाड म्हणालात.

माझं स्वतःचं म्हणाल तर धायरी ते हिंजवडी फेज थ्री, सकाळी पावणेदोन तास. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, आणि मग भूमकर चौकात जे काही होतं ते. पावसाळ्यात त्यात अर्धा तास मिळवा. मेट्रोचं विचारलंत. भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, आणि ती हिंजवडी ते शिवाजीनगर आहे. मला धायरीहून आधी शिवाजीनगर गाठावं लागेल.

बरं, पोचल्यावर काय? गेल्या मंगळवारी ॲपवर खुर्ची मिळाली नाही (होय, खुर्ची बुक करावी लागते, माणसं जास्त आणि खुर्च्या कमी), म्हणून कॅन्टीनच्या खांबाला असलेल्या प्लगजवळ बसले. मॅनेजर बेंगळुरूत, दोघे चेन्नईत, एक नागपुरात. कॉल सुरू झाला आणि मागे ताटं आपटायला लागली. चेन्नईचा म्हणाला, “मॅडम, घरी भांडी घासताय का?” घरून काम करायचे तेव्हा हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

तरीही गेटवर कार्ड किती वेळा स्वाइप केलं ते मोजलं जातं. टीसीएसने एप्रिल २०२४ मध्ये तिमाही व्हेरिएबल पे (पगाराचा कमीजास्त होणारा भाग) हजेरीला जोडला: ८५ टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर पूर्ण, ६० च्या खाली शून्य. बातमी पेपरात आली होती. ती वाचून आमच्या एचआरलाही स्फुरण चढलं. आता आमचे एक सिनियर दहाला स्वाइप करतात, कॉफी घेतात आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसून कॉल घेतात, कारण तिथे शांतता असते.

दोन नोकऱ्या करणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण चोवीस हजारांत भागलं असतं तर त्यातल्या किती जणांनी ती उठाठेव केली असती?

आणि रांगेतली हजार पोरं. ती आहेतच, काका. ती आहेत म्हणूनच आकडा साडेतीन लाखांवर बसलाय. तुमच्या वेळीही गेटबाहेर रांग असायची, पण करार कंपनी आणि युनियन यांच्यात व्हायचा. पुण्यातच आयटीवाल्यांची नाइट्स नावाची संघटना आहे, श्रम मंत्रालयाकडे तक्रारी करते. आमच्या मजल्यावर तिचं नाव मात्र दबक्या आवाजात घेतात. सोडायचं म्हटलं तर नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आहे, आणि पुढची कंपनीही पाच दिवस बोलावणार.

येत्या सोमवारी आम्ही सहा जण एचआरला भेटणार आहोत. घरून काम मागणार नाही, बस आणि खुर्ची मागणार आहोत. तुमच्या जुन्या कराराची प्रत अजून कपाटात असेल तर त्यातल्या बसच्या कलमाचा फोटो पाठवाल का? बाबांनी त्यांची रद्दीत घातली, आणि असं कलम कसं लिहितात ते आमच्यातल्या एकालाही माहीत नाही.