बोल्ट ढिले ठेवले नव्हते: पालीच्या गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गणपतीला गावी येऊन परत जाताना घरच्यांसोबत रस्त्यात अडकायची वेळ आली, आम्ही हेड (इंजिनच्या ब्लॉकवरचं झाकण) काढून त्याखालचं गॅस्केट (मधलं पातळ सील) बदलून दिलेलं इंजिन पुण्यात पुन्हा खोलावं लागलं, परत खर्च झाला. या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की आम्ही बोल्ट ढिले ठेवले, डुप्लिकेट गॅस्केट टाकलं आणि साडेअठरा हजार लुटले. पैशांचं एक वेळ सोडा. गॅस्केटचं कंपनीचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं होतं आणि हेड फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणं) व प्रेशर टेस्टची (तडा आहे का ते बघायची) रत्नागिरीची पावती तुमच्या बिलालाच जोडलेली आहे. बोल्ट ढिले ठेवले, हे मात्र मला सहन होत नाही. हेडचे बोल्ट मी कधीच पोरांच्या हाती देत नाही, स्वतः आवळतो. जुने बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तेवढी पकड देत नाहीत, म्हणून तुमच्या गाडीला नवे घातले. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कंप्रेसरच्या हवेने कोरडी केली, कारण आत तेल किंवा पाणी साचलेलं असलं की टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) आकडा बरोबर दाखवतो आणि प्रत्यक्षात पकड कमी बसते. मग मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर, टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा पिळा अंश मोजून. तुमचे वडील तेव्हा बाजूला स्टुलावर बसले होते, त्यांना विचारा.

आता तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला जळक्या गॅस्केटचा फोटो बघू. मी तो मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला. चारही सिलिंडरच्या कड्यांचा दाब सगळीकडे सारखा उमटलेला आहे. बोल्ट ढिले असते किंवा कमीजास्त आवळले असते, तर ज्या बाजूला पकड कमी त्या बाजूचा ठसा फिका दिसला असता, तिथून काजळी बाहेर आली असती. तुमचं गॅस्केट फक्त दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधल्या भागात जळलंय. हेड जास्त तापलं की ते बहुतेक मधेच कमान धरतं आणि गॅस्केट तिथेच जातं. फेसिंग करून आणलेलं हेड मी सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून तपासूनच बसवलं होतं. म्हणजे ते वाकलं असेल तर नंतर वाकलं.

पुण्याच्या मेकॅनिकने "बोल्ट हातासरशी सुटले" असं सांगितलं, तेही खरं असेल. त्यांना मी खोटं ठरवत नाही. पण याचा अर्थ ते आधीपासून ढिले होते असा होत नाही. तुमच्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा, बोल्ट पोलादी आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बोल्टच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. इंजिन मर्यादेबाहेर हीट झालं की फुगलेलं हेड गॅस्केटला चेचतं, आणि गार झाल्यावर चेचलेलं गॅस्केट परत वर येत नाही. मग बोल्टची पकड आपोआप कमी होते. ढिले बोल्ट हा इथे तापण्याचा परिणाम आहे, कारण नव्हे.

आणि गाडी तापली कशी, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय: "आंबा घाटात काटा लालवर गेला, थांबून पाणी ओतलं आणि मलकापूरपर्यंत गाडी नेली." पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि चढ. सर, काटा लालवर गेल्यावर गाडी बंद करून गार होऊ द्यायची असते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं की हेड वाकू शकतं, कधी तडाही जातो. तिथून एक फोन केला असता तर मी मुलाला गाडी घेऊन पाठवलं असतं. साखरप्याच्या पुढे घाटात अडकलेल्या गाड्यांसाठी आम्ही रात्रीही जातो.

रेडिएटरबद्दल तुम्ही रिव्ह्यूत एक अक्षर लिहिलं नाहीत, याचं सगळ्यात वाईट वाटलं. गाडी वर्षातले बरेच महिने समुद्राकाठच्या घरी उभी असते. खाऱ्या वाऱ्याने रेडिएटरच्या जाळ्या इतक्या खाल्ल्या होत्या की बोट लावलं तर पांढरी पूड हातात येत होती, ती तुम्हाला दाखवली. आत कूलंटऐवजी घरच्या विहिरीचं पाणी होतं, असं वडीलच म्हणाले. पाईप लावून पाणी सोडलं तर वरून भरत होतं आणि खालून धार नीट येत नव्हती. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) कोणीतरी आधीच काढून टाकलेला होता, तो मी नवा बसवला. रेडिएटर मात्र बदलावाच लागेल, नाहीतर नवं गॅस्केटही जाईल, हे मी बोललो आणि बिलावर लिहिलंसुद्धा: "रेडिएटर चोक, बदलणे आवश्यक. ग्राहक पुण्याला करणार." खाली तुमची सही आहे. गौरी विसर्जनामुळे रत्नागिरीत त्या दिवशी रेडिएटर मिळत नव्हता आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. मी एक दिवस थांबा म्हणालो. तुम्ही म्हणालात, "सावकाश नेतो."

आमच्याकडे निम्मी गिऱ्हाईकं हायवेवरून जाणारी, फोनवर रिव्ह्यू बघून आत येणारी. "लुटारू" हा शब्द वाचून माणूस पुढे निघून जातो. गॅरेजवर माझं घर चालतं आणि कामाला असलेल्या दोन मुलांचंही चालतं. चूक असेल तर जरूर लिहा, पण बिलावर आहे ते सगळं लिहा.

यापुढे रेडिएटर खराब असलेली गाडी हेडचं काम करून बाहेर सोडायची की नाही, यावर आम्ही जास्त काटेकोर राहू. बाकीही जमेल तशा सुधारणा करतोय.

जळकं गॅस्केट आणि काढलेले बोल्ट त्या मेकॅनिककडून मागून ठेवा. हेडला पट्टी लावून किती वाकलंय तेही मोजून घ्या. पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा हे सगळं घेऊन या, तुमच्यासमोर तपासू. बोल्टच्या कामात माझी चूक निघाली तर मजुरीचे पूर्ण पैसे परत देईन. आणि सर, पुण्यात या वेळी रेडिएटर बदललाय ना, एवढं नक्की बघा. नसेल बदलला तर घाट चढू नका.

आपला,
गॅरेज मालक, पाली (रत्नागिरी)