खुलासा : जंगलात पडणारा नायट्रोजन म्हणजे फुकटचं खत नव्हे

‘धुरातला नायट्रोजन पावसासोबत जंगलात उतरतो, त्यावर मातीतले सूक्ष्मजीव पोसतात आणि पालापाचोळा झटपट कुजतो’ असा मजकूर फिरतो आहे. नायट्रोजन उतरतो हे खरं. पुढचं बरंचसं उलटं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून पाइन आणि रुंदपानी झाडांखाली दरवर्षी शास्त्रज्ञ हेक्टरी ५० आणि १५० किलो नायट्रोजन टाकत गेले. सूक्ष्मजीव वाढले नाहीत, घटले. मोठा फटका बसला बुरशीला. लिग्निन, म्हणजे लाकूड-पानांना ताठपणा देणारा चिवट घटक, फोडण्याचं काम मुख्यतः तिचं, त्यामुळे कुजणं मंदावलं आणि कार्बन हवेत जाण्याऐवजी मातीत साठत गेला. मग फायदाच की, असं म्हणायची घाई नको. जास्त मात्रेच्या पट्ट्यात पाइनची झाडं मेली. अर्थात, या मात्रा तिथल्या पावसातून पडणाऱ्या नायट्रोजनच्या कितीतरी पट होत्या, हेही मान्य करायला हवं.