पावतीचा नंबर बदलून बघितला, पुढे?

तीनेक वर्षांपूर्वी एका ठिकाणची फी ऑनलाइन भरली. पावती उघडली तर ॲड्रेस बारमध्ये शेवटी पावतीचा नंबर सरळ दिसतोय. माझं पोटच वेबसाइट टेस्टिंगवर, त्यामुळे हात शिवशिवले. नंबर एकाने वाढवला. समोर कुण्या अनोळखी बाईंची पावती: नाव, पत्ता, मोबाइल.

इथे थांबायला हवं होतं. मी आणखी नऊ पावत्या बघितल्या. मनाची समजूत घातली, 'खात्री करतोय'. खात्री पहिल्याच पावतीला झाली होती. पुढचा सगळा चोंबडेपणा.

साइटवाल्यांना ईमेल केला. दोन दिवसांनी फोन आला, 'तुम्हाला हे बघायला सांगितलं कोणी?' प्रश्न उर्मट होता. पण बरोबर होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या धंद्यातली नवी पोरं म्हणतात, 'दार उघडंच होतं, मी तर मदत केली.' मला हे पटत नाही. शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं तर आपण बाहेरून हाक मारतो, आत जाऊन कपाटं मोजत नाही.

हाच नंबरांचा खेळ अमेरिकेत 2010 मध्ये झाला. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या साइटला आयपॅडच्या सिमकार्डाचा क्रमांक दिला की मालकाचा ईमेल पत्ता मिळायचा. दोघांनी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) लावून सुमारे 1 लाख 14 हजार पत्ते उपसले आणि ते एका न्यूज साइटकडे पोचवले. त्यातल्या अँड्र्यू ऑर्नहायमरला 41 महिन्यांची शिक्षा झाली. 2014 मध्ये ती रद्द झाली, पण खटला चुकीच्या राज्यात चालवला या कारणावरून. त्याने केलं ते योग्य होतं, असं काही कोर्ट म्हणालं नाही. मला त्याचा पुळका नाही. एक पत्ता दाखवून जे सिद्ध होतं त्याला लाख कशाला?

डॅनियल कथबर्टचं मात्र वाईट वाटतं. 2004 च्या त्सुनामीनंतर लंडनच्या या कॉम्प्युटर सिक्युरिटीवाल्याने मदतनिधीच्या साइटवर 30 पौंड दिले. नंतर त्याला शंका आली, साइट बनावट तर नाही ना? म्हणून त्याने ॲड्रेसमध्ये दोन टिंबं आणि तिरकी रेघ, असं दोन-तीनदा टाकून वरच्या फोल्डरमध्ये जाता येतं का बघितलं. गेलं नाही, अलार्म मात्र वाजला. 2005 मध्ये तो दोषी ठरला आणि 400 पौंड दंड झाला, कोर्टाचा खर्च वेगळा. न्यायाधीशांनी निकाल देताना खेद व्यक्त केला, पण कायद्यात हेतूला जागा नव्हती.

आपल्याकडे थोडी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरलात की भरपाई मागितली जाऊ शकते, मन कितीही स्वच्छ असो. कलम 66 ची 3 वर्षांपर्यंतची कैद किंवा 5 लाखांपर्यंतचा दंड लागायला मात्र अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. आता दहा पावत्या बघणाऱ्याचा हेतू पोलीस ठाण्यात कोण आणि कसा ठरवणार? पहिली पावती मी समजावून सांगू शकलो असतो. दहावी नाही.

म्हणजे साइटवाले धुतल्या तांदळाचे, असं नाही. सांगणाऱ्यालाच दम द्यायचा, ही खोड जुनी आहे. नेदरलँड्सचं सरकार साइटच्या सुरक्षेतलं भोक दाखवणाऱ्याला टी-शर्ट पाठवतं. त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: 'मी डच सरकार हॅक केलं आणि मिळाला काय, तर हा भिकार टी-शर्ट.' आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवता येतं, पण हे साइट चालवणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? साइटवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची चार ओळींची फाइल ठेवता येते: भोक सापडलं तर इथे कळवा, एवढंच. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम.

हे लिहिता लिहिता आमच्याच कंपनीच्या साइटवर ती फाइल शोधली. नाहीये. सोमवारी विचारतो.