रोझेटोची माणसंही हृदयविकाराने मरत होती

‘अमेरिकेत रोझेटो नावाचं गाव आहे. इटलीहून आलेली माणसं. चरबीत तळलेलं खायची, दारू प्यायची, सिगारेटी ओढायची, तरी तिथे कुणालाच हार्टअटॅक यायचा नाही. कारण एकत्र कुटुंब! तेव्हा डाएट आणि डॉक्टर सोडा, नाती जपा.’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. पेनसिल्व्हेनियातलं हे गाव खरं आहे, तिथलं संशोधनही खरं आहे. पण त्यावरून दिलेला सल्ला जिवावर बेतेल असा आहे.

‘कुणालाच नाही’ हे चूक. डॉ. स्टुअर्ट वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये मांडलं ते एवढंच, की शेजारच्या बँगर गावापेक्षा रोझेटोत हृदयविकाराचे मृत्यू बरेच कमी होते आणि तरुण व मध्यमवयीन पुरुषांत तर जवळपास नव्हतेच. म्हातारपणी लोक त्याच रोगाने जात होते. शिवाय वस्ती दोन हजारांच्याही आतली. एवढ्याशा गावात दोन-चार मृत्यू कमी-जास्त झाले तरी आकडा कुठल्या कुठे जातो.

‘काहीही खाल्लं तरी चालतं’ हे तर संशोधकांनी म्हटलेलंच नाही. खाणं आणि धूम्रपान दोन्ही गावांत साधारण सारखं, म्हणून त्यांच्यातला फरक त्यामुळे पडलेला नसावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून तंबाखू निरुपद्रवी कसा ठरतो?

पुढची हकिगत मेसेजमध्ये कधीच नसते. १९३५ ते १९८५ या पन्नास वर्षांच्या मृत्यूनोंदी तपासून १९९२ मध्ये निबंध आला. साठच्या दशकात गावाची जुनी वीण सैल होत गेली आणि रोझेटो बँगरच्या पंक्तीला जाऊन बसलं. माणसांच्या आधाराचा तब्येतीशी संबंध आहे, या म्हणण्याला यातून बळच मिळतं आणि मलाही ते पटतं. पण ते कवच कायमचं नव्हतं.

आता ‘एकत्र कुटुंब’. इथे माझा खरा आक्षेप आहे. रोझेटोत एका छपराखाली तीन पिढ्या होत्या, पण तेवढंच नव्हतं. १८८२ पासून एकाच इटालियन गावातून माणसं येत गेली, स्लेटच्या खाणीत राबली. चर्च, मंडळं, सणाच्या मिरवणुका, ओट्यावरच्या गप्पा, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर आणि स्वतःच्या भाषेत होतं.

न्यू जर्सीत आमच्या शेजारी सांगलीहून एक काकू आल्या होत्या, नातवाला सांभाळायला. मुलगा-सून सकाळी कामावर गेले की संध्याकाळपर्यंत त्या आणि तान्हं बाळ. गाडी चालवता येत नाही, इंग्रजीची भीती, फुटपाथ नाही. एकदा छातीत जळजळतंय म्हणाल्या आणि लगेच, ‘पित्त असेल गं, त्यांना नको सांगूस.’ व्हिजिटर इन्शुरन्समध्ये, म्हणजे पाहुणे म्हणून येणाऱ्यांच्या आरोग्यविम्यात, जुनी दुखणी बहुतेकदा धरत नाहीत, हे त्यांनी मुलाच्या तोंडून ऐकलं होतं. त्याला खर्चात पाडायचं नाही म्हणून दुखणं लपवायचं. घर एकत्रच होतं की!

दक्षिण आशियाई माणसांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. त्याची कारणं शोधायला सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या परिसरात २०१० पासून नऊशेवर लोकांचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू झाला. कुटुंबवत्सल म्हणून आपण यातून सुटलेलो नाही.

आईवडील तुमच्याकडे अमेरिकेत येणार असतील तर तिकिटाआधी इन्शुरन्सची कलमं वाचा आणि बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, प्रिस्क्रिप्शनसह मागवा. महाराष्ट्र मंडळात ज्येष्ठांचा गट आहे का विचारा, नसेल तर गल्लीतल्या दोन आज्यांची गाठ घालून द्या. आणि आल्या दिवशीच स्पष्ट सांगा: छातीत दुखलं तर ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन, पैशांचं आम्ही बघू.