वॅगन-आर का सोडली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "48 हजार किलोमीटर चाललेली 2012ची वॅगन-आर सोडून आत्येभावाला 92 हजार झालेली 2011ची सॅन्ट्रो घ्यायला लावलीत, लोकांची दिशाभूल करू नका," असं तुम्ही आत्येभावासाठी जुनी गाडी निवडण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. उत्तर जरा लांबेल.

इंजिनाबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवायला वॅगन-आरच्या के-10 इंजिनाला टायमिंग चेन असते, सॅन्ट्रोच्या 1086 सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन उघडायची पाळी येऊ शकते. गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्ही बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदलून घेतले, पण तो खर्च लेखात धरला नाही. ही माझी चूक.

आता वॅगन-आर. लेखात "वायरिंगची शंका" एवढंच मोघम लिहिलं होतं, म्हणून सगळं सांगतो. गाडी एमएच-10, म्हणजे सांगलीची. ऑगस्ट 2019च्या महापुरात तिकडे केवढं नुकसान झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. रोज बाहेर येणारा भाग स्वच्छ. रिळाजवळच्या शेवटच्या वीतभर भागावर मात्र तपकिरी रेघ, आणि बोट फिरवलं तर गाळाची पूड. स्टेपनीखाली तोच गाळ. मालक म्हणाले, "पाणी अंगणात आलं होतं, गाडीत नाही." पण ते रीळ दोन दारांमधल्या खांबात, तळाला असतं. गाळ तिथे गेला कसा?

असं पाणी शिरलं की कार्पेटखालच्या वायरिंगचे कनेक्टर आतून गंजून हिरवे पडत जातात. आज सुरू होणारी गाडी ऐन पावसात घाटात दगा देऊ शकते. आत्येभाऊ आठवड्यातून दोनदा आत्याला वाईहून साताऱ्याला डायलिसिसला नेतो. ती गाडी त्याला घे म्हणणं मला जमलंच नसतं.

सॅन्ट्रोची 2011पासूनची सगळी बिलं फाइलला होती आणि प्रत्येक बिलावर किलोमीटरचा आकडा ओळीने वाढत गेलेला. ते 92 हजार मला त्या 48 हजारांपेक्षा खरे वाटले. सॅन्ट्रो झिंग 2014मध्ये बंद झाली, पार्ट कुठून आणणार, हेही तुम्ही विचारलंत. आय-10च्या 1.1 मॉडेलला हेच इंजिन होतं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट अजून सहज मिळतात.

टायमिंग बेल्टचा खर्च आणि पुराची हकिगत आज लेखात घातली आहे. तुम्ही तीच वॅगन-आर बघत असाल, तर कार्पेट उचलून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.