बोटीवर हात गेला तरी हक्क जात नाही

नेरुळ, सीवूड्स, खारघरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. “मर्चंट नेव्हीतल्या मुलांच्या आईवडिलांनो, सावध!” अशी सुरुवात. पुढे म्हटलंय की बोट परदेशी झेंड्याची, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेली, असेल तर भारतात दाद मागता येत नाही, चूक मुलाची असेल तर रुपया मिळत नाही, घरी परतला की पगार बंद. म्हणून कंपनी बोलावेपर्यंत गप्प राहावं आणि देतील तेवढं घेऊन सही करावी, नाहीतर पुढची बोट मिळत नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या तीन घरांतली मुलं बोटीवर आहेत, आणि तिन्ही घरांना हे खरं वाटलं.

आधी सहीचं बोलतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या भावोजींच्या उजव्या हाताची दोन बोटं बोटीवरच्या वॉटरटाइट दारात चिरडली. घरी आल्यावर बेलापूरच्या मॅनिंग एजंटने, म्हणजे बोटींसाठी खलाशी भरती करणाऱ्याने, बोलावलं. ताई आणि मी सोबत गेलो. टेबलावर चेक, त्याखाली इंग्रजी कागद, आणि कागदाच्या शेवटी एक ओळ: यापुढे कंपनीकडे कोणताही दावा करणार नाही. उजव्या हाताला बँडेज, म्हणून भावोजींनी पेन डाव्या हातात धरलं. “सही जुळणार नाही,” ते म्हणाले. समोरच्या माणसाने शाईचं पॅड पुढे सरकवलं. “अंगठा चालेल.” ताईने ते पॅड तसंच परत ढकललं.

घरी येऊन भावोजींचा नोकरीचा करार उघडला. त्यात अपंगत्वाचा तक्ता होता, आणि चेकवरची रक्कम त्याच्या निम्मीही नव्हती. शिवाय २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला, आणि पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स या ज्या झेंड्यांखाली आपली बहुतेक मुलं जातात त्या देशांनीही स्वीकारलाय. त्यात स्पष्ट आहे की ठरलेल्या रकमेपेक्षा कमी घ्या म्हणून खलाशावर दबाव आणता येत नाही, आणि ती रक्कम घेतली म्हणून त्याचे बाकीचे कायदेशीर हक्क संपत नाहीत. उद्या कोर्टाने नुकसानभरपाई दिली तर ही रक्कम त्यातून वजा होऊ शकते, एवढंच. दावा करणाऱ्याला काळ्या यादीत टाकण्यालाही याच करारात बंदी आहे. नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या एजंटाला हे माहीत असतं. घरच्यांना नसतं, आणि त्यावरच तो शाईचा पॅड पुढे येतो.

परदेशी झेंड्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय) मुख्यतः भारतात नोंदलेल्या बोटी आणि कंपन्यांपुरता. पण २०१७ चा नौअधिकरण (ॲडमिरल्टी) कायदा झेंडा विचारत नाही. बोटीच्या कामकाजातून कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर त्या दाव्यासाठी बोटच अडकवता येते. ती न्हावाशेव्याला लागली असेल तर मुंबई उच्च न्यायालय तिला जागेवरून हलू न देण्याचा आदेश काढू शकतं. मालक पनामात असो वा ग्रीसमध्ये, उभ्या बोटीचा रोजचा खर्च त्यालाच सोसावा लागतो.

“चूक मुलाची” हे तर साफ चुकीचं. हलगर्जी झाली, पाय घसरला, दमलेला होता, यातल्या कशानेही हक्क जात नाही. मालक सुटतो तो फक्त मुद्दाम केलेल्या गैरवर्तनात, बोटीच्या कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीत, किंवा नोकरी लागताना आजार मुद्दाम लपवला असेल तर.

पगाराचं थोडक्यात. जखमी माणूस बोटीवर असेपर्यंत किंवा घरी पोचवेपर्यंत पूर्ण पगार. त्यानंतर पूर्ण की त्यातला काही भाग, हे कामगार संघटनेचा करार किंवा देशाचा कायदा ठरवतो. पण माणूस बरा झाला नसेल तर पगार आणि उपचार यांची मुदत दुखापतीच्या दिवसापासून १६ आठवड्यांच्या आत संपवता येत नाही.

मासेमारीच्या बोटींना मात्र हा सागरी कामगार करार लागू नाही. दिवाळे, सारसोळेच्या खलाशांनी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमा बघावा. त्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख ठरलेत.

सगळ्यात घातक सल्ला गप्प राहण्याचा. दुखापतीच्या दाव्यासाठी बोटीवर जो खास हक्क चढतो (बोटीतूनच पैसे वसूल करण्याचा) तो एका वर्षात बोट अडकवली नाही तर संपतो. एजंट “फाइल वर पाठवलीय” म्हणत आठ-दहा महिने सहज काढतो.

अशा भरपाईसाठी बोटमालकाने काढलेला विमा कोणत्या कंपनीचा, हे एजंटाने आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण त्या विम्याचं प्रमाणपत्र बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावावंच लागतं. भावोजींच्या फोनमध्ये मेसमधल्या एका वाढदिवसाचा फोटो होता, केक कापतानाचा. मागच्या बोर्डावर तोच कागद. ताईने फोटो मोठा करून विमा कंपनीचं नाव आणि ईमेल वाचला, आणि त्याच रात्री आम्ही पहिलं पत्र पाठवलं.